कुंदाची उतरंड

कुंदाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती डोंगराला कान लावून उभी होती. लग्न होऊन आठवडाही झाला नसेल. हातात हिरवा चुडा, पायांत नवी जोडवी, आणि डावा कान त्या काळ्या दगडाला चिकटवलेला. डोंगर म्हणजे अंधेरीचा गिल्बर्ट हिल. त्याच्या पायथ्याशी आमची शैलजा बिल्डिंग आहे, कुंदा लग्न होऊन तिथेच आली होती. तसं त्याला डोंगर म्हणणंही चूकच. काळ्या दगडाचे उभे खांब एकत्र बांधून कुणी जमिनीत रोवावेत तसा तो सरळसोट उभा आहे, वर गावदेवीचं देऊळ. मी शाळेतून घरी येत होते, काखोटीला सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा, उन्हानं डोकं तापलेलं.

"काय गं, दगडात काय ऐकतेस?" मी विचारलं.

ती दचकली. "काही नाही. हा हलतो का बघत होते."

"डोंगर कुठे हलतो का?"

"आमच्याकडचा हलतो," ती म्हणाली. तक्रारीनं नाही. आमच्याकडे पाऊस फार पडतो, असं सांगावं तसं.

मी भूगोल शिकवत असे. असलं वाक्य ऐकून मी पुढे निघून जाणं शक्यच नव्हतं. तिला घरी आणली, चहा पाजला आणि सगळं काढून घेतलं.

कुंदा कोयनानगरची. वडील धरणाच्या कामावर फिटर, राहायला दगडमातीच्या भिंतींची खोली. खोलीच्या कोपऱ्यात आईची उतरंड: खाली हंडा, त्यावर कळशी, त्यावर तपेली, त्यावर तांब्या, आणि सगळ्यांत वर उपडं घातलेलं फुलपात्र. १९६७ च्या डिसेंबरात एका पहाटे ते फुलपात्र खुळखुळलं. दुधाच्या वासानं मांजर भांड्यांत शिरायचं, म्हणून आईनं झोपेतच "शुक्!" केलं. ते शुक् तोंडातून पुरतं बाहेर पडलं नाही तोच भिंत आत आली. आठ वर्षांची कुंदा आईच्या या कुशीला होती. धाकटी चंपा भिंतीच्या बाजूला.

"आई नंतर वर्षभर तेवढंच बोलायची," कुंदानं सांगितलं. "मला वाटलं मांजर आलं. मला वाटलं मांजर आलं."

पुढे ती माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. जमीन काही गप्प बसली नाही. तिकडची अजूनही बसलेली नाही. शेडच्या दाराशी बायका उतरंड मांडायच्या. वरचं भांडं वाजलं की पोरंबाळं उचलून सगळे मैदानात. भांडं आधी बोलतं, असं कुंदा म्हणायची, आणि ते खरंच आहे. भूकंपात जमिनीखालून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. एक हलकी, पुढे पळणारी, ती नुसती भांडी वाजवते. दुसरी मागून येणारी, दांडगी, ती भिंती पाडते. दोघींच्या मध्ये जो वेळ मिळेल तेवढाच आपला. चंपाला एका शुक् एवढा मिळाला.

अंधेरीच्या स्वयंपाकघरातही कुंदानं उतरंड मांडली. सासू हयात नव्हती म्हणून निभावलं. नवरा श्यामसुंदर औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होता, स्वभावानं गमत्या. पाहुणे आले की सांगायचा, "ही आमच्या हिची पोलीस चौकी. तक्रार मात्र आजपर्यंत एकही आलेली नाही." खरंच आली नव्हती. वर्षानुवर्षं ते फुलपात्र मुकं राहिलं. भूजचा भूकंप झाला त्या सकाळी मुंबईत कुठे कुठे उंच इमारतींतली माणसं झेंडावंदन सोडून जिन्यात धावली. आमच्याकडे कुंदाच्या फुलपात्राला कुणी नखानं टिचकी मारावी एवढा एक आवाज आला आणि संपला.

"चांगला आहे तुमचा डोंगर," त्या दिवशी ती मला म्हणाली. "सगळं पोटात घालतो."

मी तिला खालचं चित्र सांगितलं होतं. आपला अर्धा महाराष्ट्र लाव्ह्याच्या थरांवर बसलाय. हा कठीण दगड धक्का अडवत नाही, उलट झपाट्यानं लांबवर पोचवतो. पण पनवेलच्या बाजूनं समुद्राकडे येताना ते थर वाकलेत, अंथरलेल्या चटईची कड मोडून खाली कलावी तसे. म्हणून इकडे लाट सरळ येत नाही, वळते, कुठे जोर करते, कुठे मरते. आणि शेवटी सगळं ठरतं ते तुम्ही कशावर उभे आहात यावर. हे सगळं तिनं डोळे मोठे करून ऐकलं होतं आणि विचारलं होतं, "मग आपण दगडावर आहोत ना?" आहोत म्हटल्यावर ती भाजी फोडणीला टाकायला गेली.

दगडावर तिचा संसार सुखाचा झाला. श्यामसुंदर गेला तेव्हाही ती कोसळली नाही. कोसळली ती मुलानं मोठं घर घेतल्यावर.

यज्ञेश गुणी मुलगा आहे, हे आधीच सांगते. पुढे त्याच्याबद्दल बरंवाईट लिहायचं आहे. बीकेसीत एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे. बायको मनाली, मुलगी गंधाली. अंधेरीच्या दोन खोल्यांत मुलीला अभ्यासाला जागा नाही म्हणून त्यानं त्या विकल्या आणि बोरिवलीला गोराई खाडीच्या अंगाला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. खिडकीतून तिवरांचं हिरवं रान, पलीकडे पाणी. झकास! मीही गृहप्रवेशाला जाऊन तोंडभर कौतुक करून आले. कुंदानं ओट्याच्या कडेला, खिडकीखालच्या फळीवर उतरंड मांडली होती. मनालीनं फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. जुनी पितळी भांडी सध्या फॅशनमध्ये आहेत म्हणे.

पावसाळा सरला आणि कुंदाचा पहिला फोन आला.

"सुलक्षणाताई, तुम्हाला लागला का?"

"काय लागला?"

"हादरा. आत्ता. फुलपात्र वाजलं."

मी आरामखुर्चीत बसून पेपर वाचत होते. "नाही गं. काहीच नाही."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

असे फोन येत राहिले. कधी सकाळी, कधी दुपारी. मी दर वेळी जे खरं ते सांगत होते. मला काही लागत नव्हतं तर लागलं म्हणून सांगू? पण माझ्या त्या "नाही"चं तिकडे काय होत होतं ते मला ठाऊक नव्हतं. यज्ञेश तिला म्हणायचा, "आई, सुलक्षणामावशी भूगोलाच्या बाई. त्यांना लागत नाही, आम्हाला लागत नाही, तुलाच एकटीला कसा लागतो?" झालं. माझी साक्ष काढून तिला खोटं पाडलं जात होतं.

मग ते गंधालीचं झालं. फुलपात्र वाजलं तेव्हा घरात दोघीच होत्या. कुंदानं नातीला न्हाणीघरातून तशीच टॉवेलात गुंडाळून उचलली आणि जिन्यानं खाली धावली. मधल्या कुठल्याशा मजल्यावर दोघी पडल्या. पोरीचा पुढचा दात तुटला, तोंड रक्तानं भरलं. वर गॅसवर दूध जळून काळं. मनाली रडली, यज्ञेश ओरडला, आणि डॉक्टर झाले. डॉक्टरनं कुंदाला गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली पण भीती गेली नाही. तेव्हा पनवेलच्या बाजूच्या एका मानसोपचार केंद्राचं नाव निघालं. काही महिने ठेवायचं, उपचार होतील. सोमवारी डॉक्टरांशी बोलून पक्कं करायचं ठरलं.

त्याआधी मनालीच्या माहेरी सावंतवाडीला लग्न होतं. यज्ञेशनं मला फोन केला. "मावशी, चार दिवस आईजवळ राहाल का? तिला एकटं ठेवायचं नाही, आणि लग्नात नेलं तर... तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय," मी म्हटलं. "पण ती वेडी झाली आहे असं तुझं पक्कं मत आहे का?"

"मावशी, प्लीज. माझ्या मुलीचा दात गेलाय. उद्या ती खिडकीतून उडी मारेल."

मी पिशवी भरली.

मी गेले तर कुंदा वर नव्हतीच. खाली सोसायटीच्या बागेत बाकावर बसली होती, पायात चपला, हातात घराची किल्ली आणि पिशवीत पाण्याची बाटली. दिवसभर ती तिथेच बसायची. झोपायला वर जायची ती दाराजवळ चटई टाकून, कडी न लावता. किती वाळली होती! गळ्याची हाडं वर आलेली.

"काय हे कुंदा? एस्टी चुकल्यासारखी बसलीस."

"या," ती म्हणाली आणि बाकावर सरकली. मी टेकल्यावर म्हणाली, "तुम्हाला पहाऱ्याला बसवलंय ना?"

"हो."

"बरं झालं. दुसऱ्या कुणापेक्षा तुम्ही बऱ्या."

मी म्हटलं, "एवढी काय घाबरतेस? टॉवरचे खांब खाली खडकापर्यंत नेलेत. यज्ञेश सांगत होता. बारीकसारीक हादऱ्यानं त्याला काही व्हायचं नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. "ताई, भूकंप आला तर आला. चंपा गेली तशी मी जाईन. पण तो फक्त मलाच येत असेल तर?"

मला उत्तर नसलं की राग येतो. "चल वर, भूक लागली आहे," मी म्हटलं.

पहिले दोन दिवस तिनं मला जेरीस आणलं. "आला!" म्हणून ती दोनदा दारात पळाली. एकदा तो सोसायटीचा पाण्याचा पंप होता. एकदा पलीकडच्या प्लॉटवर पाया खोदणारं मशीन. मी तिला हाताला धरून खिडकीशी नेऊन ते मशीन दाखवलं. "हा बघ तुझा भूकंप! पिवळा आहे, वर ड्रायव्हर बसलाय, तंबाखू मळतोय." ती हसली, पण हसता हसता चपला शोधत होती. तेव्हा, खरं सांगायचं तर, मलाही यज्ञेशचं म्हणणं पटायला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं चीक आणून दिला. कुंदानं गूळ-वेलची घालून खरवस लावला. इतक्या दिवसांत तिनं मनापासून केलेली ती पहिली गोष्ट. खरवसाची थाळी निवायला ओट्यावर ठेवली, जेवून तिनं गोळी घेतली आणि दाराजवळच्या चटईवर तिला गाढ झोप लागली. मी सुरी घेऊन वड्या पाडायला उभी राहिले. दुपारची वेळ. पलीकडचं मशीन बंद, कामगार जेवायला गेलेले. कुठे आवाज म्हणून नाही.

फुलपात्र खुळखुळलं.

मी मनात म्हटलं, पंप. पण पंपाची घरघर नव्हती. फुलपात्र तांब्यावर थडथड नाचू लागलं. मग एक क्षण सगळं थांबलं. आणि पायाखालून कुणीतरी सतरंजी हलकेच ओढावी तशी फरशी सरकली. एकदा इकडे, एकदा तिकडे. फडताळाचं दार आपण होऊन उघडलं. हुकाला टांगलेल्या पळ्या एकमेकींवर आपटल्या. मी ओट्याची कड धरली. सत्त्याहत्तर वर्षांची मी, पोरींना फळ्यावर भूकंपाच्या आकृत्या काढून दाखवण्यात जन्म गेला, आणि मला एक गोष्ट सुचेना. टेबलाखाली जा, भिंतीपासून दूर हो, गॅस बंद कर, मी स्वतः शिकवलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. "कुंदा" अशी हाक मारायची होती. तीही राहून गेली. खिडकीबाहेर आकाश आणि तिवरं, आणि माझ्या खाली चौदा मजल्यांची पोकळी.

भांडी थांबली. पळ्याही थांबल्या. पण खरवस थांबेना. थाळीत तो थरथरत होता, नुसता थरथरत होता, कडेपासून मध्यापर्यंत आणि मध्यापासून पुन्हा कडेला. मी त्याच्याकडे बघत राहिले. आता थांबेल, आता थांबेल. सुरी माझ्या हातात तशीच उभी.

थांबल्यावर मी काय केलं असेल? फोन उचलला आणि अंधेरीला आमच्या बिल्डिंगीतल्या अस्मिताला लावला. माझ्या शेजारच्याच दारातली, चाळिशीतली, घरून काम करते, दिवसभर खुर्चीत असते.

"अस्मिता, तुला काही लागलं का गं? आत्ता? हादरा?"

"नाही हो मावशी. काही नाही. का?" मग तिचा आवाज मऊ झाला. "तुम्हाला चक्कर येतेय का? गोळी घेतली ना सकाळची? बसा बघू आधी. जवळ कोण आहे?"

तो मऊ आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. हादऱ्यानं आला नव्हता तेवढा. मी टीव्ही लावला, आवाज बंद करून. मारामाऱ्या, पुढारी, क्रिकेट. हादऱ्याचं कुठे नाव नाही. मोबाइलवर काही नाही. मी उभीच होते. मनात यायला लागलं की खरंच चक्कर आली असेल. वय झालंय. तीन दिवस हिच्यासोबत राहून मलाही लागण झाली असेल. एवढ्या थोड्या वेळात मी स्वतःवरचा विश्वास निम्मा घालवला होता, आणि ही बाई कित्येक महिने असं जगत होती.

कुंदा उठली. डोळे चोळत स्वयंपाकघराच्या दारात आली. फळीकडे तिची नजर गेली. फुलपात्र तांब्यावरून कलंडून कडेला लटकलं होतं. ती तिथेच थबकली. मग अगदी बारीक आवाजात, आठ वर्षांच्या पोरीसारखी म्हणाली:

"मांजर आलं होतं का, ताई?"

चौदाव्या मजल्यावर कुठलं मांजर! तिलाही ते ठाऊक होतं. ती मला वाट करून देत होती. हो म्हटलं असतं तर सोमवारी ती निमूट गाडीत बसून पनवेलला गेली असती.

"मांजर नव्हतं, कुंदा," मी म्हटलं.

"तुम्हाला लागला?"

"लागला. चांगला लागला. फडताळाचं दार अजून उघडंच आहे, बघ."

ती मटकन खाली बसली. तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडते आहे. थोडी रडतच होती, पण मध्ये मध्ये हसत होती. "आला ना? तुम्हालाही आला ना?" एखाद्याला लॉटरी लागावी तसं. मग एकदम उठली. "मग बसलात काय? खाली चला ना! पाठून दुसरा आला म्हणजे?"

लिफ्ट वापरायची नाही असं तिचं शास्त्र, आणि ते बरोबर आहे. चौदा मजले मी जिन्यानं उतरले. माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी मला दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

बागेत सगळं नेहमीसारखं. माळी पाणी घालत होता. झोपाळ्याजवळ अकराव्या मजल्यावरची एक बाई उभी होती, दुपारच्या वेळी, उन्हात, घरातल्या गाऊनवर ओढणी टाकून. मी सरळ तिच्याकडे गेले.

"तुम्ही का उतरलात?"

ती चपापली. "सहजच."

"सहज? या उन्हात? हादरा लागला म्हणून उतरलात ना?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. "काकू, हळू बोला ना. लागतो कधी कधी. पण ग्रुपवर लिहायचं नाही असं मीटिंगमध्ये ठरलंय. बाहेर गेलं की फ्लॅटचे भाव पडतात. आणि असं काही नसतंच, पंप असतो, असं कमिटी म्हणते." मग जरा थांबून, "तुम्हालाही लागला ना? मला वाटलं माझं बीपी."

मी कुंदाकडे वळले. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. वेडी नव्हती हे कळण्याचा आनंद फुलपात्रासारखा कलंडला. आता जे होतं ते खरं होतं.

संध्याकाळी टीव्हीच्या खालच्या पट्टीत एक ओळ सरकली: पालघर जिल्ह्यात भूकंपाचा मध्यम धक्का, हानी नाही. डहाणू-तलासरीकडे गेली काही वर्षं जमीन कुरकुरतेच आहे. तिथून निघालेली लाट कठीण दगडातून धावत येते, अंधेरीला आमच्या डोंगराखालून निघून जाते, आम्हाला पत्ता नाही. खाडीकाठच्या चिखलात शिरली की मात्र तिचा वेग मोडतो आणि अंग फुगतं, किनाऱ्याला येणाऱ्या लाटेसारखं. आणि तिथे उंच टॉवरच्या डोक्यावर बसलेली माझी कुंदा खात्री करायला फोन कुणाला करत होती? दगडावर बसलेल्या मला!

यज्ञेश आणि मनाली रविवारी परतले. मी त्यांना दारातच सांगितलं.

"मावशी, तुम्ही पण?" यज्ञेश म्हणाला. पाय धुवायलाही गेला नाही.

"मी पण. इकडे ये." उरलेल्या खरवसाची थाळी मी ओट्यावर ठेवली आणि त्याचा हात ओट्याच्या दगडावर. मग दुसऱ्या टोकाला मुठीनं एक ठोका दिला. "लागलं का?"

"किंचित. लगेच गेलं."

"आता थाळीत बघ."

खरवस डुलत होता.

"हाताखाली आहे ती अंधेरी. आणि थाळीत आहे तुझं बोरिवली. दगड निरोप पोचवून मोकळा होतो. चिखल तोच निरोप घोळवून घोळवून सांगत बसतो."

"आमच्या मनालीच्या आईसारखा," कुंदा पुटपुटली. मनालीला हसू आलं. यज्ञेश हसला नाही. तो त्या थाळीकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम जमला होता.

"मला लागायचा," तो म्हणाला.

"काय?"

"हादरा. दोन-तीनदा लागला. इथे, आणि एकदा ऑफिसात. मला वाटलं, आईचं ऐकून ऐकून मलाही व्हायला लागलं. वेड घराण्यात येतं ना, मावशी? मग गंधालीला पण..."

कुंदा त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही त्याला फाडून खाईल. मी असते तर खाल्ला असता. तिनं त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "अरे मेल्या! मग माझ्याजवळ बोलायचं नाहीस? मी काय परकी?" आणि त्याच पाठीवरून हात फिरवायला लागली.

सोमवारी ती डॉक्टरांकडे गेली. झोपेची गोळी ठेवली, केंद्राचं नाव संपलं. यज्ञेश आता फ्लॅट विकायचं म्हणतोय. पण विकायचा कुणाला, काय सांगून? आणि जायचं कुठे? बीकेसीतलं त्याचं ऑफिस तरी कशावर आहे? मिठी नदीच्या गाळावर. मी हे त्याला बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. पोराचा चेहरा उतरला.

कुंदा दारातून उठून आतल्या खोलीत झोपू लागली. परवा बोलता बोलता म्हणाली, "ताई, मी उतरंड काढून ठेवली होती. म्हटलं पुरे झालं, येईल तेव्हा येईल. सकाळी उठून बघते तर पुन्हा मांडलेली. हंडा, कळशी, तपेली, तांब्या, वर फुलपात्र उपडं. मनालीला विचारलं तर म्हणे, मी नाही. यज्ञेश खाली मान घालून चहा पीत होता."

त्याचेही फोन येतात मला, ऑफिसातून. "मावशी, तुम्हाला लागला का?"

"नाही. पण मला लागला नाही म्हणून तुला लागला नसेल असं नाही," मी सांगते. आता उत्तर एवढं लांब द्यावं लागतं.

आणि मी? दगडावर राहणारी? मी माझ्या ओट्यावर तांब्या ठेवलाय, वर उपडा पेला. तो वाजायचा नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. बारीकसारीक धक्के हा डोंगर मला कळूच देणार नाही. म्हणजे ज्या दिवशी इथे वाजेल त्या दिवशी तिकडे चौदाव्या मजल्यावर काय झालं असेल, हा विचार मी करत नाही. करायचा नाही असं ठरवलंय.

परवा दुपारी तो वाजला.

मी श्वास धरून वळले. मांजर होतं. खालच्या मजल्यावरचा पिवळा बोका, खिडकीतून आलेला, तांब्याला अंग घासत माझ्याकडे बघत होता. मी ते डोळ्यांनी पाहिलं, "शुक्" केलं, तो पळालाही. मग चपला घातल्या आणि जिन्यानं खाली उतरले. डोंगराला हात टेकवून बराच वेळ उभी होते.